अंटार्क्टिकावर पाय ठेवणारी पहिली बाई नक्की कोण? दोन नावं येतायत

मास्तर_गुहागर:
नमस्कार मंडळी. शाळेच्या विज्ञान मंडळाचं भित्तिपत्रक काढायचंय, यावेळी विषय ध्रुवप्रदेश. पोरांनी अमुंडसेन, स्कॉट, शॅकल्टन, पिअरी सगळं भराभर लिहून आणलं आणि मग नववीतली एक मुलगी, घरी मासेमारीच आहे त्यांच्या, ती म्हणाली सर यात एक पण बाई नाही, बायका गेल्याच नाहीत का तिकडे? प्रश्न रास्त आहे. मी मोबाईलवर शोधलं तर एकीकडे कॅरोलिन मिकेल्सन १९३५ आणि दुसरीकडे इंग्रिड क्रिस्टेन्सन १९३७, आणि दोघींच्या नावापुढे "पहिली" असंच लिहिलेलं. मग फळ्यावर कुणाचं नाव टाकू? दुसरं म्हणजे अमुंडसेन १९११ला दक्षिण ध्रुवावर पोचला, मग बायकांना एवढा उशीर का झाला, थंडी हेच कारण की अजून काही? आणि आपल्या देशातली कोणी असेल तर तेही सांगा. विकिपीडिया नको कृपया, तो पोरांनी अगोदरच उतरवून काढलाय.

उंडगा_दापोलीकर:
सर, दोघीही खऱ्या आहेत, भानगड आहे ती जमिनीची.

कॅरोलिन मूळची डेन्मार्कची, नवरा क्लारियस मिकेल्सन हा नॉर्वेजियन कप्तान, जहाजाचं नाव थोर्सहाव्हन. देवमासे मारणाऱ्या ताफ्याला माल पोचवायचा आणि त्यांचं तेल घेऊन यायचं हे त्या जहाजाचं काम. २० फेब्रुवारी १९३५ला हे लोक पूर्व अंटार्क्टिकाच्या बाजूला उतरले, दगडांची रास रचली, नॉर्वेचा झेंडा लावला, त्यांच्यात कॅरोलिन होती. पुढची साठेक वर्षं सगळे धरून चालले की ही जागा म्हणजे मुख्य भूमी. मग १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियन लोकांना ती दगडांची रास सापडली, जुन्या नोंदी पडताळून पाहिल्या गेल्या आणि बहुतेक अभ्यासकांचं मत असं झालं की ती जागा किनाऱ्यालगतच्या ट्राइन बेटांपैकी एक आहे, खंड नाही.

इंग्रिड ही लार्स क्रिस्टेन्सनची बायको. लार्स म्हणजे नॉर्वेतल्या सँडेफ्योर्डचा देवमाशांच्या धंद्यातला मोठा शेठ, थोर्सहाव्हन त्याचंच. बाई १९३१ पासून चार वेळा त्या बाजूला जाऊन आली आणि ३० जानेवारी १९३७ला स्कलिन मोनोलिथ नावाच्या ठिकाणी उतरली. समुद्रातून सरळ उभा वर आलेला प्रचंड खडक आहे तो, पण खंडाचाच भाग, त्यामुळे मुख्य भूमीचा मान तिच्याकडे जातो. त्या फेरीत तिच्याबरोबर अजून तीन बायका होत्या, त्यातली एक तिची स्वतःची मुलगी. तिकडच्या समुद्रातल्या एका उथळ पट्ट्याला फोर लेडीज बँक असं नावच पडलंय या चौघींवरून.

तेव्हा फळ्यावर असं लिहा: अंटार्क्टिकाच्या बेटावर कॅरोलिन १९३५, खंडाच्या मुख्य भूमीवर इंग्रिड १९३७. भांडण मिटलं.

आणि एक गंमत मुलांना नक्की सांगा. पूर्व अंटार्क्टिकाच्या एका पट्ट्याला इंग्रिड क्रिस्टेन्सन कोस्ट असं नाव आहे. आपलं भारती स्टेशन, २०१२चं, ते लार्समन टेकड्यांत आहे आणि लार्समन टेकड्या याच किनाऱ्यावर येतात. म्हणजे आपले शास्त्रज्ञ आज तिथे राहतात तो पत्ता त्या बाईच्या नावाचाच.

जुना_खलाशी_रत्नागिरी:
माहिती बरोबर आहे उंडगासाहेब पण माझं मत जरा वेगळं. शेठजींच्या बायकोला शोधक म्हणायचं का? नवऱ्याचं जहाज, नवऱ्याचा पैसा, वर देवमाशांची कत्तल करून कमावलेला. गणपतीपुळ्याला मागे देवमाशाचं पिल्लू वाळूवर आलं तर सगळा गाव रात्रभर झटत होता त्याला परत पाण्यात घालायला, आणि हे लोक हजारोंनी मारत होते. तिने पाय ठेवला हे मान्य, पण तो पाय ठेवण्यापलीकडे काय?

उशीर का झाला ते मात्र मी सांगतो कारण आयुष्य बोटीवर गेलंय, मर्चंट नेव्हीत होतो. थंडीबिंडी काही नाही. बोट ज्याच्या ताब्यात तो ठरवणार कोण चढणार, आणि बोटी कुणाच्या ताब्यात होत्या हे मी सांगायची गरज नाही. १९१४ला तीन इंग्रज मुलींनी शॅकल्टनला पत्र लिहिलं होतं की आम्हाला न्या, आम्ही धडधाकट आहोत, त्याने जागा नाही म्हणून कळवलं. जागा होती हो, मुलींसाठी नव्हती.

अमेरिकेचं बघा. अंटार्क्टिकाला माणसं आणि सामान न्यायचं काम त्यांच्या नेव्हीकडे, आणि नेव्ही बायकांना न्यायलाच तयार नाही. का, तर सोय नाही. संडास-बाथरूमची सोय नाही हे कारण देऊन वर्षानुवर्षं शास्त्रज्ञ बायकांना घरी बसवलं, त्यांचे सहकारी तिकडून दगड आणि पाण्याचे नमुने आणणार आणि या इकडे लॅबमधे ते तपासणार. शेवटी १९६९ला परवानगी आली. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोइस जोन्स या भू-रसायनाच्या अभ्यासक, त्यांची चार जणींची तुकडी अंटार्क्टिकातल्या ड्राय व्हॅलीज या बर्फ नसलेल्या कोरड्या दऱ्यांच्या भागात कामाला गेली. मग नोव्हेंबर १९६९मधे सहा बायका विमानाने दक्षिण ध्रुवावर उतरल्या, या चार, एक न्यूझीलंडची शास्त्रज्ञ आणि एक पत्रकार. आता विमानातून पहिली कोण उतरणार यावरून उद्या तुमच्यासारखे मास्तर भांडणार हे ओळखून की काय, सहाही जणी हातात हात अडकवून मागच्या रॅम्पवरून एकदम चालत खाली आल्या. १९११ ते १९६९. अठ्ठावन्न वर्षं लागली संडास बांधायला!

रशियन आणि अर्जेंटिनावाले त्या मानाने बरे. मारिया क्लेनोवा ही रशियन सागरी भूवैज्ञानिक १९५६लाच तिकडे जाऊन किनाऱ्याच्या नकाशांवर काम करून आली. आणि १९६८ला अर्जेंटिनाच्या चार बायका मेलचियर तळावर राहून समुद्री जीवांचे नमुने गोळा करत होत्या, त्यातल्या इरेने बर्नास्कोनी तारामाशांच्या तज्ज्ञ, वय वर्षे ७२. बहात्तर! मी आत्ता तेवढ्याच वयाचा आहे आणि पावसात भगवती बंदरापर्यंत जायचं म्हटलं तर सून ओरडते.

स्पष्टवक्ता:
कोणी अन्याय वगैरे केला नाही हो, त्या काळी धोका होता म्हणून नेत नव्हते. स्कॉटची पाच माणसं १९१२ला मेली. उगाच प्रत्येक गोष्टीत बायका-पुरुष आणायचं.

सुरंगी:
स्पष्टवक्ता दादा, धोका होता म्हणून बायकांना नेत नव्हते असं म्हणताय ना, मग हे वाचा. बायकांना नेत होतेच. फक्त त्यांची नावं यादीत लिहीत नव्हते.

मी शिवणकाम करते, माझं छोटं दुकान आहे वेंगुर्ल्यात, म्हणून या विषयात शिरले. उत्तर ध्रुवाच्या बाजूला ज्या मोहिमा गेल्या त्यात गोऱ्या लोकांचे लोकरीचे कपडे घामाने ओले व्हायचे आणि मग गोठायचे. तिथले मूळ रहिवासी म्हणजे इनुइट लोक, त्यांचे कपडे मात्र कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानटी हरणाच्या, कातड्याचे, दोन थर, आतल्याची लव अंगाकडे आणि बाहेरच्याची लव बाहेर, मधे हवा अडकते, वजनाला हलके आणि ऊब विलक्षण. अमुंडसेन १९०३ ते १९०५ कॅनडाच्या उत्तरेला योआ हेवनला मुक्कामाला होता तेव्हा त्याने हेच नेटसिलिक इनुइटांकडून शिकून घेतलं आणि पुढे दक्षिण ध्रुवावर वापरलं. आता हे कपडे शिवत कोण होतं? बायका. कातडं खरवडायचं, दातांनी चावून चावून मऊ करायचं, हाडाच्या नाहीतर लोखंडाच्या सुईने शिवायचं. बुटांची शिवण तर अशी की सुई कातड्याच्या आरपार जातच नाही, अर्ध्या जाडीतून फिरते, म्हणजे भोकच पडत नाही पाणी शिरायला. आणि दोरा म्हणजे जनावराच्या स्नायूचा तंतू, तो ओला झाला की फुगतो, आणि होडी पाण्यात लोटली की फळ्या फुगून सांधे बसतात ना तसं ते टाक्याचं भोक बंद होतं. मी शिलाई मशीनवर बसून हे वाचत होते आणि थक्क झाले, एक टाका चुकला तर माणसाची बोटं जायची तिकडे. पिअरीच्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमांमधे या बायका होत्या, कपडे बूट त्यांनीच शिवले. कुठल्या फळ्यावर आहे का एकीचं तरी नाव?

नाव माहीत असलेल्या दोन-तीन सांगते. टुकुलिटो, गोरे तिला हॅना म्हणायचे. इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियाला भेटून आलेली, इंग्रजी उत्तम, चार्ल्स फ्रान्सिस हॉल या अमेरिकन शोधकाची दुभाषी. हॉलच्या पोलारिस जहाजाच्या उत्तर ध्रुव मोहिमेत ती, नवरा आणि दत्तक मुलगी होती. हॉल १८७१ला वारला आणि पुढच्या ऑक्टोबरात वादळात जहाजाजवळचा बर्फ फुटला, एकोणीस माणसं हिमखंडावरच राहिली, त्यात लहान मुलं पण. सहा महिने तो बर्फ दक्षिणेला वाहत राहिला, एप्रिल १८७३च्या शेवटी एका जहाजाने त्यांना उचललं, एकूण एक जिवंत. कशामुळे जिवंत? दोन इनुइट पुरुषांनी सील मारले आणि बायकांनी सीलच्या चरबीचे दिवे पेटते ठेवले. आणि अर्नारुलुंगुआक, ग्रीनलंडची, ती रासमुसेन या डॅनिश शोधकाच्या मोहिमेत कुत्र्यांच्या गाडीने हडसन उपसागरापासून अलास्कापर्यंत गेली, १९२३-२४ला. अख्खा उत्तर अमेरिकेचा आर्क्टिक किनारा! ती कुणाची शेठाणी नव्हती, खलाशीकाका.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती अडा ब्लॅकजॅक. अलास्काची इनुपिआत, म्हणजे तिथल्या इनुइटांपैकीच, जन्म १८९८. नवऱ्याने टाकलेली, तीन मुलांपैकी दोन गेली, उरलेला बेनेट क्षयाने आजारी. त्याच्या उपचारांना पैसे नाहीत म्हणून त्याला अनाथाश्रमात ठेवावं लागलं. तेव्हा तिला कळलं की सायबेरियाच्या उत्तरेला रँगल बेटावर एक मोहीम चाललीय आणि इंग्रजी येणारी शिवणकाम करणारी बाई हवी आहे, महिना ५० डॉलर. मोहीम स्टेफान्सन नावाच्या माणसाची, पण स्वतः तो गेलाच नाही, चार तरुण पोरं पाठवली, कशाला तर बेटावर हक्क सांगायला. बाकीची इनुइट कुटुंबं पण येणार होती, ती ऐनवेळी आली नाहीत. सप्टेंबर १९२१ला अडा आणि ही चार पोरं, सोबत व्हिक नावाची मांजर, त्या बेटावर उतरली. बाईला ना शिकार येत होती ना बंदूक, मिशनच्या शाळेत वाढलेली ती, आणि अस्वलाची तर तिला भयंकर भीती.

पुढच्या वर्षी न्यायला येणारं जहाज बर्फामुळे पोचलंच नाही. धान्य संपत आलं. जानेवारी १९२३ला तिघे जण मदत आणायला बर्फावरून सायबेरियाकडे निघाले, ते परत कधीच दिसले नाहीत. मागे अडा आणि लॉर्न नाइट, त्याला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग, झालेला, उठता येत नव्हतं. पाच-सहा महिने तिने त्याचं सगळं केलं, लाकडं आणली, कोल्हे पकडायचे सापळे लावायला शिकली, आणि तो पडल्या पडल्या तिलाच शिव्या घालायचा. जूनमधे तो गेला. त्यानंतर ती आणि मांजर. बंदूक चालवायला स्वतः शिकली, सील मारले, पक्षी मारले, तंबूच्या वर एक माळा बांधला अस्वल लांबून दिसावं म्हणून. डायरी लिहीत होती. ऑगस्ट १९२३ला जहाज आलं तेव्हा ती जिवंत, मांजर पण जिवंत, आणि ती कातड्याचा स्वतः शिवलेला पार्का, म्हणजे टोपीवाला जाड कोट, घालून किनाऱ्यावर उभी.

आता दादा मला सांगा यात धोक्याला कोण नको होतं. शिवायला बाई चालते, आजाऱ्याचं करायला चालते, नाव लिहायला चालत नाही. वर परत आल्यावर जहाजवाल्याने पेपरात छापून आणलं की हिने नाइटची नीट काळजी घेतली नाही. नाइटच्या आईवडिलांनी पुढे जाहीरपणे सांगितलं की तिचा काही दोष नाही, पण डाग लागायचा तो लागला. तिच्या गोष्टीवर इतरांनी पैसे कमावले, हिला जेमतेम पगार, त्यातून बेनेटला उपचाराला सिएटलला नेलं. १९८३ला वारली, म्हणजे पुष्कळ जगली.

खूप लांबलं पण राहवलं नाही.

गजाली_तारकर्ली:
सुरंगीताय, वाचून डोळ्यात पाणी इला. ह्या काय नवीन नाय गो. आमच्याकडे बायलमाणसांका होडयेत चढूक देत नाय, पण रापण ओढूक होयी, जाळा शिवूक होयी, मासो इकूक होयो, सुकवूक होयो. आणि होडयेवर कोणाचा नाव? बायलेचाच! ह्या मात्र बरा.
त्या मांजराचा पुढे काय झाला?

सुरंगी:
मांजरीला पण जहाजावर घेतलं बाई, तिला सोडून आली नाही अडा. 🙂

जुना_खलाशी_रत्नागिरी:
सुरंगी, मानलं. माझा आक्षेप शेठाणीवर होता, तो तसाच ठेवतो, पण हे सगळं माहीत नव्हतं.

बोटीवर राहिलेला माणूस म्हणून एकच सांगतो. हिवाळाभर अडकलेल्या बोटीवर दोन पुरुषांचं वाजलं की काय होतं ते मी बघितलंय. १९४७-४८ला फिन रॉन या अमेरिकन माणसाची खाजगी मोहीम स्टोनिंग्टन बेटावर गेली. बायको एडिथ, तिला जॅकी म्हणायचे, ती फक्त निरोप द्यायला दक्षिण अमेरिकेपर्यंत बोटीने आलेली, घरी परत जायच्या हिशेबाने थोडेसे कपडे घेऊन. तिथे नवरा म्हणाला चल, मला तुझी गरज आहे, मोहिमेचं लिखाण कोण करणार. वैमानिकाची बायको जेनी डार्लिंग्टन पण आली. काही लोकांनी विरोध केला, बाई आली की अंटार्क्टिकाची इज्जत जाते म्हणे. या दोघी अंटार्क्टिकात अख्खा हिवाळा काढणाऱ्या पहिल्या बायका. आणि मग दोन्ही नवऱ्यांचं भांडण असं पेटलं की एकमेकांशी बोलणं बंद, दोघी मैत्रिणी मधल्या मधे अडकल्या. भांडणं लावतात बायका असं म्हणायचे ना? इथे उलटंच. पेपरांना मोहिमेच्या बातम्या पाठवायचं आणि नोंदी ठेवायचं काम जॅकीने पूर्ण केलं, तिकडच्या समुद्रावर तरंगणाऱ्या मोठ्या बर्फाच्या थराला आज रॉन नाव आहे ते आडनाव दोघांचं.

उंडगा_दापोलीकर:
यादीच करायची तर थोडं मागे पण जा सर. १७३५-३६ला रशियाच्या मोठ्या उत्तरेकडच्या मोहिमेत वासिली प्रोंचिश्चेव हा याकुत्स्क नावाचं जहाज घेऊन सायबेरियातल्या लेना नदीतून बाहेर पडला, बायको तात्याना बरोबर. दोघं १७३६च्या शरद ऋतूत, दोनेक आठवड्यांच्या अंतराने गेले, ओलेन्योक नदीच्या मुखाशी दोघांना पुरलंय. बऱ्याच ठिकाणी तिचं नाव मारिया असं चुकीचं छापलेलं आहे तेवढं मुलांना सांगा. जोसेफिन पिअरी हे पण नाव घ्या, रॉबर्ट पिअरीची बायको, १८९१-९२चा हिवाळा तिने ग्रीनलंडला काढला आणि १८९३ला परत तिकडेच जाऊन तिथे मुलीला जन्म दिला.

आणि खलाशीकाका, श्रीमंत बायकांबद्दल तुमचं मत थोडं मवाळ व्हायला हवं असेल तर लुईस बॉइड बघा. कॅलिफोर्नियाची, भरपूर वारसा मिळालेली, लग्न नाही, नवऱ्याचं जहाज नाही. १९२८ला अमुंडसेन विमानासह बेपत्ता झाला, हिने सहलीसाठी भाड्याने घेतलेलं जहाज थेट शोधकामाला देऊन टाकलं आणि स्वतः पण गेली. नंतर १९३१ पासून १९३८ पर्यंत पूर्व ग्रीनलंडला मोहिमा नेल्या, स्वतः नेत्या, वैज्ञानिक पगारावर ठेवलेले, फोटो स्वतः काढायची, हजारो. १९५५ला विमान भाड्याने घेऊन उत्तर ध्रुवावरून उडून आली, तेव्हा ६७ वर्षांची.

जुना_खलाशी_रत्नागिरी:
ही चालेल.

सातेरी_बांदा:
सगळे बाहेरचेच सांगताय, आपल्यांचं कोणीच नाही म्हणून मी. आमचं गाव अगदी गोव्याच्या हद्दीवर, घरातले दोघे वास्कोला नोकरीला, त्यामुळे मुरगावची बोट-बातमी घरात कायम.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच गेली, डिसेंबर १९८१, नेते डॉ. एस. झेड. कासिम. तीत बाई नव्हती. तिसरी मोहीम डिसेंबर १९८३ला गोव्याहून निघाली, जहाज फिन पोलारिस, नेते डॉ. हर्ष गुप्ता, तीत पहिल्यांदा दोन बायका. एक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या भूवैज्ञानिक आणि खऱ्याखुऱ्या गिर्यारोहक, अंटार्क्टिकातल्या शिर्माकर ओअॅसिस या बर्फ नसलेल्या भागातल्या खडकांचा अभ्यास केला त्यांनी, पुढे भटनागर पुरस्कार मिळाला. दुसऱ्या डॉ. अदिती पंत. सर, इथे नीट लक्ष द्या: या आपल्याच. जन्म नागपूरचा, १९४३, बीएस्सी पुणे विद्यापीठातून, मग हवाई आणि लंडनला पुढचं शिक्षण, आणि नोकरी कुठे तर गोव्याला दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींवर त्यांचं काम. ज्यावर क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, जगतं आणि क्रिलवर देवमासे जगतात त्या साखळीचं पहिलं टोक. याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे आपलं पहिलं स्टेशन उभं राहिलं. दोघी नंतरही परत एकेकदा जाऊन आल्या.

दोघी कुणाच्या बायको म्हणून गेल्या नाहीत, काम म्हणून गेल्या, आणि अमेरिकनांना दार उघडायला १९६९ लागलं त्यानंतर चौदा वर्षांत. मला तरी हे कौतुकाचं वाटतं, आपल्याकडे बाकी सगळीकडे किती वेळ लागतो ते माहीतच आहे.

अजून दोन नावं. रीना कौशल धर्मशक्तू, डिसेंबर २००९ला राष्ट्रकुल देशांतल्या बायकांच्या तुकडीबरोबर स्की करत दक्षिण ध्रुवावर, भारतातली पहिली. आणि इस्रोच्या मंगला मणी, भारती स्टेशनवर ४०३ दिवस, २०१६-१७, २३ जणांच्या चमूत एकट्या बाई, वय छप्पन, आणि त्याआधी आयुष्यात बर्फ पडताना बघितला नव्हता. भारती, म्हणजे वर उंडगादादांनी सांगितलेला इंग्रिडचा किनारा.

मास्तर_गुहागर:
अहो काय हे, मी एक नाव विचारलं होतं, तुम्ही भित्तिपत्रक नाही तर अख्खा वार्षिक अंक दिलात. सगळ्यांचे आभार.

मुलींना आज मोबाईलवरून वाचून दाखवलं, दोन तास लाइट नव्हती त्यामुळे तास तसाही रिकामाच होता. पहिली कोण या प्रश्नात त्यांना आता काहीच रस उरलेला नाही, त्यांना अडाच हवी. जिने प्रश्न विचारला तिची आई हर्णैच्या लिलावातून माल उचलते, तिचं म्हणणं अडाला ५० डॉलर महिना म्हणजे पूर्ण दोन वर्षांचे किती झाले आणि ते तिला सगळे मिळाले का, हिशेब दाखवा. मी म्हटलं विचारून सांगतो. आहे कुणाकडे उत्तर?

दुसरं, सुरंगीताई, तो अर्ध्या जाडीतून जाणारा टाका दाखवता येईल का, चामड्यावर नाही तरी जाड फोमवर वगैरे? फळ्याच्या कोपऱ्यात लावला असता.

सुरंगी:
हिशेब सोपा आहे सर, सप्टेंबर १९२१ ते ऑगस्ट १९२३ म्हणजे जवळपास चोवीस महिने, बाराशे डॉलरच्या आसपास व्हायला हवेत. हातात त्याहून कमी पडले एवढं नक्की. त्या मुलीला सांगा तिने बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय.

टाका करून बघते. चपलेचं जाड रेक्झिन आहे माझ्याकडे, दोन तुकडे शिवून पाकिटातून पाठवते, एक बरोबर टाक्याचा आणि एक साध्या टाक्याचा. दोन्हीवर पाणी ओतून बघू दे मुलींना. शाळेचा पत्ता मेसेज करा.

सातेरी_बांदा:
आणि सर, वास्कोला हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, आपल्या मोहिमांचं सगळं नियोजन तिथून चालतं. शाळेच्या लेटरहेडवर पत्र टाकून बघा, आत्ता स्टेशनवर किती बायका आहेत एवढंच विचारा. मुलींनी स्वतःच्या हाताने लिहिलं तर जास्त बरं. पत्र मराठीत लिहायचं की इंग्रजीत यावर मात्र आत्ताच भांडू नका, दोन्हीत लिहा.

गजाली_तारकर्ली:
मराठीतच लिवा. तिकडे आमचे लोक आसतलेच कोणतरी.